शेवटच्या डब्यातलं वादळ

१

"माझं वादळ गेलं हो, क्रेनसाहेब! अख्खं वादळ कुणीतरी काखोटीला मारून नेलं!"

सेप्टिमस गॅड हे ओरडत होता तेव्हा खिडकीबाहेर टेम्स नदी शांतपणे वाहत होती आणि वाऱ्याचा मागमूस नव्हता. टोबायस क्रेननं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तो वाट पाहत राहिला. हयात लंडनच्या पोलिसात घालवून निवृत्त झाल्यावर तो आता एका विमा कंपनीसाठी चौकशा करत असे. नुकसान झालेल्या माणसाला आधी पोटभर ओरडू द्यावं, एवढं शहाणपण त्याला आलं होतं.

गॅड पूर्वी ब्लॅकपूलच्या धक्क्यावर तंबू ठोकून दाढीवाली बाई दाखवायचा. महायुद्ध संपल्यावर त्यानं नदीतलं हे एल्डर बेट भाड्यानं घेतलं, त्यावर काचेच्या छपराचा स्टुडिओ बांधला आणि मुके चित्रपट काढायला सुरुवात केली. सध्या 'परतीची भरती' चालू होता. मूळ नाटक लंडनात दोन हिवाळे गाजलं होतं. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरची एक कोळीण, समुद्रावर गेलेला तिचा मुलगा, तिचं वर्षानुवर्षं वाट पाहणं आणि शेवटच्या अंकात त्याचं परत येणं. बायका रुमाल पिळत नाट्यगृहाबाहेर पडायच्या.

"त्या वादळासाठी मी खरी होडी घेतली," गॅड म्हणाला. "खऱ्या वादळात लोटली आणि ती खरीच खडकावर फुटली. माणसं वाचली हे नशीब. आता तसं वादळ पुन्हा कुठून आणू? देवाकडे अर्ज करू?"

"त्याची प्रत?"

"प्रत सोमवारी निघायची होती. गेली ती मूळ पट्टी, एकुलती एक. ती नाही तर चित्रपट नाही, आणि चित्रपट नाही तर हा स्टुडिओ नाही." त्यानं कपाळ पुसलं. "आणि चोर कोण ते मला ठाऊक आहे. विनी प्लम, पट्ट्या जोडणारी पोरगी. किल्ली तिच्याजवळ आणि गुरुवारी संध्याकाळी पूल ओलांडताना टोपलीही तिच्याच हातात. सोमवारी पोलीस येऊन तिला नेतील. डबा कुणाला विकला, तेवढं तुम्ही तिच्या तोंडून काढा."

"तिनंच नेला, हे कुणी पाहिलं?"

"पाहायचं काय त्यात?"

क्रेन उठला. असल्या खात्रीपायी तुरुंगात गेलेली माणसं त्यानं पाहिली होती, आणि त्यातल्या दोघांना तर त्यानं स्वतःच पाठवलं होतं.

२

फिल्मची कोठी मुख्य इमारतीपासून दूर, विटांची, बिनखिडकीची होती. फिल्म पेटली की घर घेऊनच विझते, म्हणून ती अशी एकटी. आत एका लांब फळीवर पत्र्याचे चपटे गोल डबे ओळीनं उभे होते. झाकणांवर नुसते आकडे. ओळीच्या अगदी शेवटी एक जागा रिकामी होती, आणि सुरुवातीलाही काही जागा रिकाम्या होत्या.

"ह्या पुढच्या कशा रिकाम्या?" क्रेननं विचारलं.

"ते भंगाराचे डबे होते, साहेब. शुक्रवारी सकाळी गाडीवाला घेऊन गेला." विनी प्लमचे डोळे रडून सुजले होते. तिची बोटं पट्ट्या जोडायच्या डिंकानं पिवळी पडली होती. "त्यांच्यात चुकून वादळ गेलेलं नाही. प्रत्येक डबा मी उघडून बघून दिला. मला बघायचंच होतं ते. त्यानंतर आत आले तर शेवटची जागा रिकामी."

"किल्ली?"

"माझ्या टेबलाशी खिळ्याला असते. गुरुवारी चहाच्या वेळी मी हात धुवायला गेले होते. तेवढ्यात कुणीही घेऊन परत लटकवली असेल."

"त्या दिवशी बेटावर कोण कोण होतं?"

"गॅडसाहेबांनी दुपारी सगळ्यांना बोलावलं होतं, झोपडीचे प्रवेश नव्या नटाला घेऊन पुन्हा काढायचे हे सांगायला. कॅमेरावाले रीडसाहेब होते, नाटककार थ्रॉपसाहेब होते, लाइलबाई होत्या आणि एका दिवसाच्या कामाची मजुरी न्यायला आलेले म्हातारे पेलम. बस."

"आणि तुझ्या टोपलीत काय होतं गं?"

विनीनं मान खाली घातली. मग म्हणाली, "पाव."

"पाव?"

"झोपडीच्या सेटवर मांडायला आणतात ना, खरे पाव. प्रवेश संपले की ते उंदीर खातात. आई अंथरुणाला खिळली आहे, साहेब. हेसुद्धा सांगितलं तर गॅडसाहेब म्हणतील, पाव चोरते ती डबाही चोरेल."

क्रेननं तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं असतं तर माणूस याहून बरं काहीतरी शोधून काढतो. पण गॅडच्या पोलिसांना हे पटवायचं कसं, ते त्याला सुचेना. टोपली सोडली तर बाकीचे तरी रिकाम्या हातानं गेले होते का? असं विचारल्यावर पुलावरचा पहारेकरी हसला. "रिकाम्या हातानं? नटनट्या त्या! रीडकडे कॅमेऱ्याची पेटी, थ्रॉपकडे चामड्याची बॅग, लाइलबाईंच्या टोप्यांचा खोका तर मीच उचलून दिला, आणि पेलमकडे रंगरंगोटीची पेटी. एक हत्ती सोडून काहीही नेता आलं असतं!"

३

क्रेननं चौघांना एकेक करून उपाहारगृहात बोलावलं. प्रत्येकाला त्यानं एकच गोष्ट सांगितली: कोठीतला शेवटचा डबा नाहीसा झालाय. त्यात काय होतं हे मुद्दामच सांगितलं नाही.

अँगस रीड हा स्कॉटलंडचा कॅमेरावाला. चित्रपट संपला की गॅड त्याला नारळ देणार होता आणि हे त्याला ठाऊक होतं.

"राग? आहे की राग," तो म्हणाला. "गॅडला मी नदीत ढकलेन, आनंदानं ढकलेन. पण वादळ? खडकावर कंबरेला दोर बांधून उभा राहून कॅमेऱ्याची मूठ फिरवलीय मी. हाताची सालं निघाली. तेवढी एकच गोष्ट माझ्या नावानं राहणार आहे. ती मी चोरू?"

लायोनेल थ्रॉप हा नाटककार. हे महाशय रोज सेटवर येऊन खुर्ची टाकून बसत आणि उसासे सोडत.

"गेलं? वादळ गेलं?" त्याचा चेहरा खुलला. "वा! माझ्या नाटकात वादळ नव्हतंच मुळी. खिडकीबाहेर वारा होता फक्त. माझी वाक्यं कापून या माणसानं लाटा घातल्या! पहिल्या दिवसापासून बघतोय मी हा खाटीकखाना. चोर सापडला तर माझ्यातर्फे त्याला जेवायला बोलवा."

"मग तुम्हीच चोर असाल."

"असतो तर आत्तापर्यंत सगळ्या लंडनला सांगितलं असतं, महाशय. माझ्या पोटात काही राहत नाही."

हे मात्र क्रेनला लगेच पटलं.

डोरोथिया लाइलनं कोळणीचं काम नाटकात दोन हिवाळे केलं होतं आणि आता चित्रपटातही तीच होती. म्हातारी आई उभी करणाऱ्या या बाईला स्वतःचं वय विचारलेलं अजिबात खपत नसे.

"त्या वादळात मी किनाऱ्यावर उभी आहे, इन्स्पेक्टर. खारं पाणी तोंडावर, रंग गळ्यापर्यंत ओघळलेला. चेटकीण दिसते मी! गॅडच्या पाया पडले, ते काढून टाका म्हणून." मग तिचा आवाज बदलला. "पण चोरायचंच असतं तर मी वादळ नसतं चोरलं. भंगाराचे डबे चोरले असते. तेवढं धाडस झालं नाही माझं."

"काय होतं त्यात?"

"रॉलंड होता. रॉलंड पेलम, माझा मुलगा. म्हणजे चित्रपटातला. त्यानं सुरुवातीचं थोडंसं काम केलं आणि छातीच्या दुखण्यानं गेला. युद्धात विषारी वायू गेला होता छातीत. आवाज उरलाच नव्हता हो, खरखर नुसती. नाट्यगृहात दुसऱ्या रांगेलाही ऐकू गेलं नसतं. पण इथे आवाज लागतो कुणाला? मुक्या चित्रपटात तो पुन्हा नट झाला." तिनं हातमोजे काढले, पुन्हा घातले. "त्याचे वडील होरेस पेलम. रंगभूमीवर आवाजासाठी प्रसिद्ध होता म्हातारा. पोरगा चित्रपटात जातोय कळल्यावर क्लबात सगळ्यांदेखत म्हणाला, पेलमांच्या घरात आजवर मुकं कुणी निपजलं नव्हतं. त्यानंतर बापलेक बोलले नाहीत. शेवटपर्यंत नाहीत. पोराला पुरल्यावर कबरीशी मीच गेले म्हाताऱ्याजवळ. म्हटलं, होरेस, शेवटच्या प्रवेशात तुमच्या पोरानं जे केलंय ना, ते अख्ख्या लंडनात कुणाला जमणार नाही. थोड्या दिवसांनी बघते तर इथे, किनाऱ्यावरच्या गर्दीतला म्हातारा कोळी म्हणून एका दिवसाचं काम मागायला आलेला. होरेस पेलम, गर्दीत!"

सगळ्यांत शेवटी तो म्हातारा आला. उंच, ताठ, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. बसायला सांगितलं तरी बसला नाही.

"शेवटचा डबा नाहीसा झालाय, पेलमसाहेब."

"असं ऐकतो." त्याचा आवाज खरोखरच विलक्षण होता. हळू बोलला तरी कपाटातल्या बश्या थरथरल्यासारख्या वाटल्या. "गॅडची पंचाईतच झाली म्हणायची. शेवटच्या अंकावाचून खेळ करणार कसा?"

"तुम्हाला कुणाचा संशय?"

"मी या घरात परका आहे, इन्स्पेक्टर. एक दिवस उभा राहिलो, तेही तोंड मिटून. कुणाचं नाव घेऊ?"

त्यानं मान तुकवली आणि तो निघून गेला. त्याच्यामागं दार लागल्यावर क्रेनला आपली बायको आठवली. मार्था गेल्या हिवाळ्यात गेली. तिचा एकच फोटो घरात होता, लग्नातला, आणि नेमकी त्यात ती हलली होती. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा धूर. रोज सकाळी तो त्या धुराकडे बघत असे.

गॅडकडे जाऊन त्यानं विचारलं, "तुमच्याकडे कुणी फिल्म मागितली होती?"

"म्हाताऱ्या पेलमनं. पोराचा एखादा तुकडा द्या म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, कंपनीचा माल आहे, भट्टीत उकळला की त्यातून चांदी निघते. द्यायला लागलो तर रोज कुणीतरी पदर पसरेल." गॅडनं खांदे उडवले. "पण त्याच्यामागं लागू नका. पोराचे डबे गुरुवारी तिथेच पुढ्यात होते. न्यायचेच असते तर ते नसते नेले? वादळात पोरगा नाहीच. वादळ काढलं तेव्हा तो मातीखाली होता."

ज्याला चोरायचं कारण होतं त्यानं हवं ते सोडून नको ते कशाला न्यावं? आणि बाकीच्यांनी नेलं म्हणावं तर तेही जुळेना. सोमवार जवळ येत होता आणि विनी प्लमची टोपली सोडून हातात काही नव्हतं.

४

जेवण झाल्यावर तो पुन्हा कोठीत गेला. विनी मागोमाग आली. त्या रिकाम्या जागांपुढे तो बराच वेळ उभा राहिला.

"विनी, तुझ्या रॉलंडचे डबे इकडे, अगदी सुरुवातीला का होते? तो तर शेवटच्या अंकात परत येतो ना?"

"हो, पण ते काढलं आधी." विनीला या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. "झोपडीचा सेट आधी उभा होता. मग झोपडीतलं जे जे असेल ते सगळं काढून घ्यायचं, पहिलं असो की शेवटचं. मग सेट मोडायचा आणि दुसरीकडे जायचं. गोष्टीच्या क्रमानं कोण काढतं, साहेब? दिवाळं निघेल! शेवट तर आम्ही पहिल्याच दिवशी काढला. रॉलंडची छाती त्या दिवशी बरी होती."

"आणि वादळ?"

"वादळ गोष्टीत मधे कुठेतरी येतं. पण वाट बघून बघून सगळ्यांत शेवटी मिळालं, म्हणून शेवटी ठेवलं. जसं काढलं तसं फळीवर लागतं. मग जोडताना मी क्रम लावते."

क्रेन खाली एका खोक्यावर बसला. आज सकाळपर्यंत त्यालाही वाटत होतं की चित्रपट नाटकासारखाच काढत असतील, पडदा वर गेल्यापासून खाली येईपर्यंत. न वाटायला काय झालं? पण त्या चौघांना काय वाटत होतं?

रीडनं डबा म्हणताच वादळ म्हटलं. थ्रॉपनं वादळ म्हटलं. लाइलबाईंनी वादळ म्हटलं. हे तिघं पहिल्या दिवसापासून इथेच होते, कुठल्या डब्यात काय आहे हे त्यांना पाठ होतं. क्रेननं डब्यात काय ते कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि एका माणसानं मात्र म्हटलं होतं, शेवटच्या अंकावाचून खेळ करणार कसा.

जन्मभर रंगभूमीवर काढलेला माणूस. एक दिवस गर्दीत उभा राहिला, तेवढाच त्याचा चित्रपटाशी संबंध. दुपारी गॅडनं जाहीर केलं की झोपडीचे प्रवेश पुन्हा काढणार, म्हणजे जुने जाणार. चहाच्या वेळी हा कोठीत शिरला. समोर आकडे घातलेले डबे ओळीनं लावलेले. पहिला डबा म्हणजे पहिला अंक, शेवटचा डबा म्हणजे शेवटचा. त्याच्या जगात दुसरं काही असूच शकत नव्हतं. तो पोराच्या डब्यांसमोरून चालत गेला असेल, कदाचित त्याचा कोटही त्यांना घासला असेल. मग फळीच्या टोकाशी जाऊन त्यानं वादळ उचललं आणि रंगाच्या पेटीत घातलं.

"विनी," क्रेन म्हणाला, आणि पुढचं विचारायचं त्याच्या जिवावर आलं. "भंगाराचे डबे परत मिळतील?"

"मी काल फोन केला होता त्यांना. मलाच एक तुकडा हवा होता." विनी भिंतीकडे बघत होती. "गाडी पोचली तशी भट्टीत टाकली म्हणाले. काही उरत नाही, साहेब. सगळं धुऊन निघतं."

५

लाइलबाईला त्यानं सगळं सांगितलं तेव्हा ती आरशापुढे टोपी घालत होती. पिना हातातच राहिल्या.

"मीच त्याला सांगितलं होतं ना, शेवटच्या प्रवेशाचं," ती म्हणाली. "मीही येते."

होरेस पेलम केनिंग्टनमध्ये राहत होता, नटमंडळींना खोल्या देणाऱ्या एका घरात, वरच्या मजल्यावर. घरमालकिणीनं सांगितलं की दोन दिवस त्यानं खालून जेवण नेलेलं नाही. क्रेननं दार ठोठावलं.

"या. उघडंच आहे."

खोलीभर फिल्म पसरली होती. खुर्च्यांच्या पाठींवर, पलंगाच्या कठड्यावर, टॉवेलाच्या दांडीवर तिची भेंडोळी लटकत होती. चुलीत विस्तव नव्हता, तेवढं त्याला कुणीतरी सांगितलं असावं. म्हातारा कोट घालून खिडकीशी उभा होता आणि दुपारच्या उजेडासमोर पट्टी धरून एकेक चौकट बघत होता. त्यानं वळूनही पाहिलं नाही.

"बरं झालं आलात, इन्स्पेक्टर. तुमची नजर माझ्याहून तरुण आहे. जरा बघा. यात सगळं उलटं दिसतं, काळं ते पांढरं. पाणी आहे. पाणीच पाणी आहे. होडी आहे. पण तो मला सापडत नाहीये."

क्रेन त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"हा बघा." म्हाताऱ्यानं नखानं एक जागा दाखवली. "होडीच्या टोकाला ठिपका आहे. माणूस आहे. हा असेल का? खांदे त्याच्यासारखे वाटतात."

हो म्हणणं किती सोपं होतं! हो म्हटलं असतं तर म्हातारा तो ठिपका घेऊन उरलेलं आयुष्य काढू शकला असता. पण मार्थाच्या जागी दुसऱ्याच कुणा बाईचा सुंदर फोटो कुणी आपल्या हातात ठेवला असता, तर? क्रेननं ती पट्टी हळूच त्याच्या हातातून काढून घेतली.

"हा तो नाही, पेलमसाहेब. यात तो नाहीच. हे वादळ आहे."

"पण हा शेवटचा डबा आहे."

"शेवटचा प्रवेश त्यांनी सगळ्यांत आधी काढला होता. तो पहिल्या डब्यांत होता."

म्हाताऱ्यानं यावर थोडा विचार केला. चोरी पकडली गेली, याचं त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "असं होय," तो म्हणाला. "मग मी चुकीचा उचलला. हा तुम्ही घेऊन जा, काही खराब केलेलं नाही. आणि गॅडला म्हणावं, मी त्याच्या पाया पडतो, क्लबात सगळ्यांदेखत पडतो, त्याबदली तो दुसरा मला..."

"होरेस," डोरोथिया म्हणाली.

त्यानं तिला आत्ताच पाहिलं. तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. रंगभूमीवर चेहरे वाचायचं काम त्यानं जन्मभर केलं होतं, त्याला कुणी काही सांगायला लागलं नाही.

"केव्हा?" त्यानं विचारलं.

"शुक्रवारी सकाळी," क्रेन म्हणाला.

"म्हणजे गुरुवारी होता तो तिथे. मी गेलो तेव्हा."

"होता."

म्हातारा खुर्चीवर बसला, त्या भेंडोळ्यांवरच बसला. आवाजासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या माणसाच्या तोंडून आवाज फुटला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे टाकून तो नुसता बसून राहिला. क्रेननं आयुष्यात पुष्कळ रडारड पाहिली होती, पण हे बघवेना, म्हणून त्यानं फिल्म गोळा करायला घेतली. लाइलबाईनं हातमोजे काढून दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ते वादळ गुंडाळलं आणि डब्यात घातलं.

"गॅड चोराचं नाव मागेल," ती हळूच म्हणाली.

"मागू दे. डबा मिळाला म्हणजे विमा कंपनी खूश, आणि विनीला कुणी हात लावणार नाही हे मी आधी लिहून घेईन. बाकी मला काही आठवत नाही. वय झालं."

६

निघायची वेळ झाली तरी कुणी निघालं नाही.

"काय केलं त्यानं?" म्हाताऱ्यानं विचारलं. "त्या शेवटच्या प्रवेशात. तू म्हणाली होतीस, कुणाला जमणार नाही."

डोरोथियानं क्रेनकडे पाहिलं, मग टोपी काढून पलंगावर ठेवली.

"नाटकात तिथे मुलाचं लांबलचक भाषण होतं. आम्हाला ते लागत नव्हतं. सगळं काढून टाकलं. मी चुलीशी आहे, दाराकडे पाठ. तो येतो. थांबा, दाखवते."

ती बाहेर जिन्यावर गेली आणि दारातून आत आली. उंबरठ्यावर थांबली, एक हात चौकटीवर टेकला आणि खोलीभर नजर फिरवली. चांगलं केलं तिनं.

"नाही," म्हातारा म्हणाला. "असा नाही उभा राहणार तो. हात नाही टेकणार."

"हात नव्हता टेकला," ती म्हणाली. "मला नीट येत नाही ते. मी तर पाठमोरी होते, चुलीवर भिंतीला टांगलेल्या आरशात बघून..."

पण म्हातारा उठला होता. तो तिच्या बाजूनं बाहेर गेला. जिन्याच्या दोनतीन पायऱ्या उतरल्याचं ऐकू आलं. डोरोथिया चुलीशी जाऊन दाराकडे पाठ करून उभी राहिली. तिच्यासमोरही एक डागाळलेला आरसा होता.

पायऱ्या वाजल्या. होरेस पेलम दारात आला. आधी त्यानं खाली स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. मग चिखलाचे पाय घेऊन घरात आलेला पोरगा करतो तसा एक बूट दुसऱ्या पोटरीमागं पुसला, मग दुसरा. आत यायची परवानगी आहे की नाही हे ठाऊक नसलेल्या माणसासारखा तो अंग चोरून उभा राहिला. मग त्यानं वर पाहिलं. त्याचं सगळं वय चेहऱ्यावरून कुठेतरी निघून गेलं होतं.

आरशात डोरोथियाचा चेहरा पांढरा पडला.

"तसंच," ती म्हणाली. "अगदी तसंच केलं त्यानं. बूट आणि सगळं. कुणी सांगितलं नव्हतं त्याला."

"मग?" म्हाताऱ्यानं दारातूनच विचारलं. "मग तू काय करतेस?"

"मी वळत नाही. मला भीती वाटते, वळले आणि तो नसला तर? मी नुसतं म्हणते, दार लाव रे, वारा आत येतोय. तो दार लावतो. संपलं."

"म्हण."

तिनं डोळे मिटले आणि दोन हिवाळे रोज संध्याकाळी जो आवाज लावला होता त्या आवाजात म्हणाली, "दार लाव रे. वारा आत येतोय."

म्हाताऱ्यानं मागं हात नेऊन दाराची मूठ धरली. त्याच्या पाठीशी जिना रिकामा होता. त्यानं एकदा वळून तिकडे पाहिलं. नुसतं ढकलायचं होतं.

"दार लाव, बाळा," डोरोथिया पुन्हा म्हणाली, अगदी हळू.

क्रेन मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरून बसला होता. उठून मदत करावी असं त्याला वाटलं, पण तो उठला नाही. जिन्यातला गार वारा खोलीत येत राहिला, आणि मूठ धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला ते दार काही लावता येईना.